लवकर पिकणारी लाल द्राक्षं, समीक्षकांची वाहवा आणि आपला अथणी-तिकोटा पट्टा

अनगोळकर

मंडळी, धागा वाइनवर आहे, आधीच सांगतो. ज्यांना विषयच नको त्यांनी शेजारचा कुंद्याचा धागा वाचावा, राग नाही.

माझा मामेभाऊ जर्मनीत बॉनजवळ असतो. गणपतीला आला तेव्हा एक बाटली घेऊन आला. आर नावाच्या लहानशा नदीच्या खोऱ्यात एका कुटुंबाची वायनरी आहे, तिथली. नवरा, बायको आणि म्हातारे वडील, एवढाच कारभार. नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात वाटायला नको. द्राक्षाची जात फ्र्यूबुर्गुंडर. पिनो न्वार या फ्रेंच लाल द्राक्षाचीच ही भावकी, फक्त पिनोच्या सुमारे दोन आठवडे आधी पिकते. मणी बारीक, घड लहान, माल कमी. त्यामुळे तिकडच्या शेतकऱ्यांनीच ती उपटून टाकली आणि १९७०च्या आसपास ती संपल्यातच जमा होती. मग गायझनहाइमच्या संशोधन संस्थेनं उरलेल्या वेलींतून चांगल्या निवडून रोपं केली आणि जात वाचली. आता या छोट्या वायनरीच्या बाटलीला तिकडच्या समीक्षकांनी नव्वदच्या वर गुण दिलेत आणि भरभरून लिहिलंय.

आम्ही तिघांनी प्यायली. रंग फिका, पेल्यापलीकडचं बोट दिसेल इतका. वास मात्र पिकलेल्या करवंदाचा आणि ओल्या मातीचा. जड नाही, घशाला जळजळ नाही.

आता प्रश्न. आपल्या बेळगाव जिल्ह्याचा पूर्व भाग, अथणी, तेलसंग, ऐगळी, आणि पलीकडं विजयपूरचा तिकोटा, हा सगळा द्राक्षाचा पट्टा. यातला बहुतेक माल बेदाण्याला जातो. एवढं पिकवून, चार जाणकारांनी ज्यावर चार ओळी लिहाव्यात अशी एक बाटली आपल्या मातीतली माझ्या तरी पाहण्यात नाही. अशी एखादी लवकर पिकणारी, कमी मालाची, खरं नाव काढणारी लाल जात आपल्याकडं कुणी लावून बघायला हवी का? की हे बेळगावात बसून सुचणारं शहाणपण आहे?

निपाणी_नाका

पहिला!

बाटली उघडली कशी ते आधी सांगा. आमच्याकडं एकदा बूच उघडायचं हत्यार नव्हतं, मेव्हण्यानं पेचकस घालून बूच आत ढकललं आणि चहाच्या गाळणीनं गाळून स्टीलच्या पेल्यातनं प्यायलो. गुण कुणी दिले नाहीत.

अनगोळकर

@निपाणी_नाका, फिरकीचं झाकण होतं भावा. तिकडं चांगल्या बाटल्यांनाही आता असतं.

अथणीकर

बागायतदार आहे म्हणून लिहितो. वाइन पीत नाही, खरं द्राक्ष कळतंय.

तुमच्या जर्मनीत वेल थंडीत झोपते. वसंत आला की फुटते आणि पानगळीआधी पिकली तर पिकली. तिथं लवकर पिकणं म्हणजे जीव वाचणं. आमच्याकडं वेल झोपतच नाही. आम्ही तिला कात्रीनं उठवतो. एप्रिलला खरड छाटणी, ती काडी तयार करायला. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोड्या छाटणी, ती घडाला. छाटणी झाली की हातमोजे घालून काडीवरच्या एकेका डोळ्याला पेस्ट लावायची म्हणजे सगळे डोळे एकसारखे फुटतात. तिथनं दिवस मोजायचे. म्हणजे आमचं पीक कधी येणार हे सूर्य ठरवत नाही, आम्ही ठरवतो.

मग आम्हाला लवकर पिकणारी जात कशाला? कात्री लवकर लावली की झालं, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नाही. सप्टेंबरात छाटलं तर फुलोऱ्यात परतीचा पाऊस गाठतो. डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. सकाळी पानाच्या मागं पांढरी बुरशी दिसली की दुपारपर्यंत ट्रॅक्टर फवारणीला जुंपायचा. त्यात घड जिरतात, कुजतात. उशिरा छाटलं तर पाऊस चुकतो, खरं माल मार्चच्या उन्हात सापडतो. बेदाण्याला ऊन चालतं, लागतंच. वाइनला चालत नसावं, ते तुम्ही सांगा.

लवकर पिकणारी जात असली तर हे दोन्ही चुकतं. ऑक्टोबरच्या मध्यावर निवांत छाटायचं आणि फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माल काढून मोकळं व्हायचं. रात्री अजून गार असतात तेव्हा. कॅबरने सोव्हिन्यों नावाची लाल जात आमच्या पाहुण्यांनी लावली होती, ती साडेचार-पाच महिने घेते. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटली की मार्च उजाडतोच.

टिळकवाडीची_सुनंदा

अथणीकर, "वाइन पीत नाही खरं द्राक्ष कळतंय" हे वाचून माझे सासरे आठवले. गळ्यात माळ, दर आषाढीला पंढरपूर. शेतात द्राक्ष. कंपनीचा माणूस वाइनची द्राक्षं लावा म्हणून आला होता. सासऱ्यांनी चहा पाजला, भाकरी वाढली आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, पिकवून देतो, खरं मग आमची एकादशी तुम्ही करायची." तो माणूस परत आला नाही.

आमच्या भागातली कितीतरी द्राक्षाची घरं माळकरी नाहीतर लिंगायत. हा मुद्दा चर्चेत कुणी धरतच नाही.

निपाणी_नाका

@सुनंदाताई, आणि बेदाणा घेऊन जाणारा व्यापारी त्याचं पुढं काय करतो ते सासऱ्यांना ठाऊक होतं का? 😄

टिळकवाडीची_सुनंदा

शिऱ्यात घालतो. गप्प बस.

द्राक्षवैद्य

पुण्यात असतो, पेशा याच क्षेत्रातला. थोडं थंड पाणी ओततो.

अनगोळकर, ज्या जातीचं कौतुक चाललंय ती थंड प्रदेशाची आहे. आर खोरं जर्मनीच्या वाइनप्रदेशांत उत्तरेकडचं. तीव्र उतार, पाटीच्या दगडाची काळी जमीन, दिवसा तापते आणि रात्री ती ऊब वेलीला देते. अशा जागी लवकर पिकणारी जात म्हणजे वरदान. गरम जागी तीच अडचण होते. साखर धावत सुटते, ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, चोवीसला पोचतो, आणि सालीतला तुरट टॅनिन, बियांचा पक्वपणा, वास, हे सगळं मागं राहतं. त्यात उष्णतेनं मण्यातलं मॅलिक आम्ल जळून जातं. हाती काय येतं? दारू भरपूर, चव बसकी.

गंमत म्हणजे आता तिकडंही तेच व्हायला लागलंय. गरम उन्हाळ्यात फ्र्यूबुर्गुंडर ऑगस्टमध्येच पिकते आणि बागायतदार कपाळाला हात लावतात. शिवाय शिवारात सगळ्यात आधी गोड होणारं फळ हेच, म्हणून पक्षी आणि गांधीलमाश्या आधी इथं येतात. २०१४ साली जर्मनीत ठिपकेदार पंखांच्या फळमाशीनं लवकर पिकणाऱ्या लाल जातींना चांगलंच छळलं होतं.

पिनोची साल पातळ, रंग कमी. नाशिककडं थोडी पिनो आहे, ती फसफसणाऱ्या वाइनला वापरतात. अथणीत पिनोच्या भावकीची लाल वाइन करायची म्हणजे आवड म्हणून ठीक.

अथणीकर

वैद्यबुवा, ती जर्मन जात लावा असं मी म्हटलंच नाही. लवकर पिकणारी म्हटलं. फरक आहे.

आणि तुमचा गरमीचा मुद्दा मला उलटा वाटतोय. तिकडं लवकर पिकलं म्हणजे ऑगस्टच्या उन्हात पिकलं. आमच्याकडं लवकर पिकलं म्हणजे थंडीत पिकलं. जानेवारीत आमच्याकडं मण्यात पाणी उतरायला लागतं तेव्हा पहाटे घोंगडं लागतं. उशिरा पिकणारी जातच उलट उन्हात जाती की.

द्राक्षवैद्य

@अथणीकर, मुद्दा बरोबर आहे. पिकण्याचे शेवटचे तीन-चार आठवडे गारव्यात गेले तर आम्ल टिकतं, हे खरं. मग जात कुठली, हा प्रश्न उरतो.

शहापूरचा_विणकर

मला एक समजत नाही. नव्वद गुण म्हणजे शंभरात नव्वद? मग आमच्या पोराला दहावीत मिळाले असते तर पेढे वाटले असते. इथं म्हणे बहुतेक बाटल्यांना नव्वदच असतात!

रेल्वे_गेट_नं_२

@विणकर, बरोबर नस पकडलीत. शंभर गुणांची पद्धत रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकानं रूढ केली. त्याचं मोजमाप पन्नासपासून सुरू होतं, म्हणजे नुसतं बाटलीत उतरल्याचेच पन्नास. ब्रिटनच्या जॅन्सिस रॉबिन्सन वीसपैकी देतात.

आणि हे गुण किती भरवशाचे, त्याचीही परीक्षा झालीय. रॉबर्ट हॉजसन नावाचा माणूस, स्वतः छोटी वायनरी चालवणारा आणि आकडेशास्त्राचा जाणकार. त्यानं कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या स्पर्धेत परीक्षकांना तीच वाइन न सांगता पुन्हा पुन्हा दिली. निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. सातत्यानं जवळपास सारखेच गुण देणारे परीक्षक दहातला एखादाच निघाला.

म्हणून गुणांवर जाऊन जात निवडणं म्हणजे जत्रेतल्या ज्योतिषाला विचारून जमीन घेण्यासारखं.

अनगोळकर

@रेल्वे_गेट, मान्य. पण छोट्या माणसाला त्याचा फायदाही होतो ना? १९७६ मध्ये पॅरिसला डोळे झाकून चाखण्याची स्पर्धा झाली. परीक्षक फ्रेंच, आणि पहिले आले कॅलिफोर्नियाचे, लाल आणि पांढऱ्या दोन्हीत. त्याआधी त्यांना कोण विचारत होतं? आपल्याकडं जाहिरातीला पैसा नाही, दोन ओळी कुणी चांगल्या लिहिल्या तर तेवढीच वाट.

वडगाव_बुद्रुक

बाटली झाली तर तिच्यावर नाव कुठल्या भाषेत? 🤭

खडेबाजार_७८

दोन्ही भाषांत. आणि तिसऱ्यात "आरोग्यास हानिकारक".

निपाणी_नाका

झालं. आता हा धागा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून राहणार.

व्यवस्थापक

सीमाप्रश्नाचे स्वतंत्र धागे भरपूर आहेत. इथं द्राक्षावर बोला. यापुढचे प्रतिसाद उडवले जातील.

चिकोडी_रोड

दुःख ऐकवतो. आमच्या चुलत्यांनी वाइनची लाल द्राक्षं लावली होती, वाइनच्या लाटेत, तेव्हा सगळे लावत होते. कंपनीनं कागद केला होता, दर ठरला होता. दोन हंगाम पैसे वेळेवर. मग २००९च्या सुमारास बाजार बसला आणि कंपनीचा माणूस फोन उचलेना. माल वेलीवर तसाच. वाइनचं द्राक्ष खायला चालत नाही, बी मोठी, साल जाड, मणी बारीक. बाजारात नेलं तर टोपलीकडं कुणी बघेना. बेदाणा करावा तर बियांचा बेदाणा कोण घेतो? शेवटी चुलत्यांनी वेल बुडातनं कापल्या आणि तिथं ऊस केला.

बिनबियांची थॉम्पसन असती तर काय झालं असतं? खायला नाही गेली तर बेदाण्याला गेली असती. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा होतो, तो शीतगृहात ठेवून दर बघून काढता येतो. वाइनच्या द्राक्षाला एकच गिऱ्हाईक. ते रुसलं की संपलं. एवढं लिहून ठेवा आणि मग जात ठरवा.

अथणीकर

@चिकोडी_रोड, हेच आमच्या पाहुण्यांचं झालं. म्हणून तर आमच्याकडं वाइन म्हटलं की जुने लोक हात जोडतात.

सौ_कडोलकर

हो ना. आणि इथं कागदावर सगळं छान असतं. कर्नाटकाचं द्राक्ष आणि वाइन धोरण २००७ चं. त्यात कृष्णा खोरं, म्हणजे विजयपूर, बागलकोट आणि आपला जिल्हा, वाइनचा प्रदेश म्हणून धरलंय. नाव झालं ते नंदी टेकड्यांचं आणि नंतर हंपीकडच्या टेकड्यांचं. कृष्णेकाठच्या माणसाला विचारा वाइन कुठं मिळते, तो म्हणेल गोव्यात.

खानापूरवाली

गोव्याचं नाव निघालंच, तर कणकुंबीच्या नाक्याची गोष्ट सांगते. चोर्ल्यातनं येताना नवऱ्यानं दोन बाटल्या ओल्या काजूगरांच्या पिशवीखाली ठेवल्या होत्या. नाक्यावरच्या शिपायानं पिशवीत हात घातला, मूठभर काजूगर काढून खाल्ले आणि म्हणाला, "जावा." बाटल्या वाचल्या, काजूगर गेले. आमच्या खानापूरला द्राक्ष शक्य नाही, पाऊस बघितलाय ना? आमच्याकडं जांभळाची वाइन करा.

द्राक्षवैद्य

जांभळाची वाइन नाशिककडं करतात, हे सांगून ठेवतो. विषयांतर वाटलं तर माफी नाही.

कॅम्पातला

एक विचार. मामेभावाला सांगा, येताना सामानातनं त्या जर्मन वेलीच्या चार काड्या आणायला. डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या वेलीवर, कलम भरलं की झालं.

द्राक्षवैद्य

@कॅम्पातला, असलं काही करू नका. वेलीची काडी परदेशातून आणायला परवाना लागतो आणि आल्यावर विलगीकरणात वाढवून तपासावी लागते. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर फिलोक्सेरा नावाची मुळं खाणारी मावा-कुळातली कीड फ्रान्सला पोचली आणि त्यांच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त झाल्या. शेवटी अमेरिकन खुंटावर कलमं भरूनच त्यांना बागा उभ्या कराव्या लागल्या. आपण डॉगरिज वापरतो तोही मूळचा अमेरिकेचाच, आपल्याकडं तो खारट पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी आला. सामानातली चार काड्यांची पिशवी सगळ्या अथणी तालुक्याला महाग पडू शकते.

कॅम्पातला

बरं बरं, मागं घेतो. काजूगरांच्या पिशवीखालीसुद्धा नाही.

मुक्काम_पोस्ट_येळ्ळूर

अहो, जर्मनीपर्यंत जाता कशाला? पुण्यात आघारकर संशोधन संस्थेनं एआरआय-५१६ नावाची द्राक्षाची जात काढलीय. कटाव्बा ही अमेरिकन जात आणि ब्यूटी सीडलेस यांचा संकर. छाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत तयार. बुरशीला बरीच दाद देत नाही. रस, जाम आणि लाल वाइन यांना चालते असं संस्थेनंच सांगितलंय. अथणीकरांचं गणित, ऑक्टोबरच्या मध्यावर कात्री आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात माल, यात तंतोतंत बसते.

अथणीकर

@येळ्ळूर, हे कामाचं बोललात. बुरशीला दाद देत नाही म्हणजे फवारण्या किती कमी होतात हे ज्यानं नोव्हेंबरात रात्री अकराला पंप चालवलाय त्यालाच कळतं. आमचा निम्मा खर्च औषधाचा असतो म्हटलं तरी चालेल.

द्राक्षवैद्य

@येळ्ळूर, जात चांगली आहे, आणि धाग्याचा प्रश्न इथं पहिल्यांदा जमिनीवर आला. पण समीक्षकांची वाहवा हवी असेल तर एक अडचण आहे. कटाव्बा अमेरिकेच्या लॅब्रुस्का कुळाची. त्या कुळाच्या द्राक्षाला एक वेगळाच उग्र गोडसर वास असतो. तुम्ही बंगळूर निळं द्राक्ष खाल्लंय ना, काळं, साल निसटणारं, हाताला जांभळा डाग पाडणारं? तोच वास. खायला, सरबताला मस्त. कर्नाटकात त्याची गोड पोर्ट वाइन वर्षानुवर्षं होते, त्या द्राक्षाला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण युरोपात शिकलेल्या नाकाला तो वास दोष वाटतो. फ्रान्सनं तर १९३४ मध्ये इसाबेला, नोआ अशा सहा संकरित आणि अमेरिकन जातींवर बंदीच घातली होती.

संकरात तो वास किती उतरलाय हे वाइन करून बघितल्याशिवाय कुणी सांगू नये. मीही सांगत नाही.

सौ_कडोलकर

पण मग कुणाच्या नाकासाठी वाइन करायची आहे, वैद्य? माझ्या सासूबाईंना बंगळूर निळ्याचाच वास म्हणजे द्राक्षाचा वास वाटतो. थॉम्पसन दिली तर म्हणतात, "ह्याला वासच न्हाई, नुसतं साखरंचं पाणी."

शहापूरचा_विणकर

+१. सासूबाईंना शंभरपैकी शंभर.

द्राक्षवैद्य

@सौ_कडोलकर, प्रश्न रास्त आहे. स्वतःसाठी आणि बेळगाव, कोल्हापूर, हुबळीच्या गिऱ्हाइकासाठी करायची असेल तर माझी हरकत मावळते. पण धागाकर्त्यानं समीक्षकांचं कौतुक मागितलंय. ते हवं तर युरोपच्या विनिफेरा कुळातलं लवकर पिकणारं लाल द्राक्ष बघा. टेंप्रानिलो. स्पेनची, तिकडच्या इतर लाल जातींच्या मानानं लवकर पिकणारी, साल बऱ्यापैकी जाड, रंग चांगला. नाशिककडं काहींनी करून दाखवलीय आणि ती जाणकारांना आवडलीय. तिचा दोष एकच, आम्ल कमी पडतं. तिथं अथणीकरांचा थंडीतला माल उपयोगाला येईल.

रेल्वे_गेट_नं_२

आपल्या शेजारचं उदाहरण विसरू नका. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली या वाइन कंपनीनं इटलीची सांजोव्हेझे ही लाल जात लावली. सोलापूरचा जिल्हा, ऊन आमच्याहून कडक. तरी त्यांच्या लाल वाइनचं नाव झालं. म्हणजे जमीन आणि ऊन आडवं येतंच असं नाही. बारामती, सोलापूर, अथणी, हवा काय फार वेगळी आहे?

द्राक्षवैद्य

बरोबर, पण त्यांच्याकडं इटालियन वाइनमेकर होता आणि पिकाचा भार हाताखाली ठेवायची शिस्त होती. खरी गोम तीच आहे. अथणीकरांना खरं खरं विचारतो: बेदाण्याच्या बागेत तुम्ही वेलीवर किती घड ठेवता आणि वाइनसाठी त्यातले निम्मे कापून जमिनीवर टाकायला सांगितले तर हात उचलेल का?

अथणीकर

वर्मावर बोट ठेवलंत.

घड कापून टाकायचे म्हटलं की घरात भांडण होतं. आमचे वडील अजून बागेत येतात, विरळणीत एखादा घड जास्त पडला तर उचलून हातात घेऊन उभे राहतात. निम्मा माल कापलाय म्हटलं तर ते जेवणार नाहीत. माल कमी केला तर दर दुप्पट मिळणार असं कुणी लिहून दिलं तरच करायचं. आणि लिहून दिलेल्या कागदाचं काय होतं ते चिकोडीवाल्यांनी वर सांगितलंय.

खरं तुमच्या त्या जर्मन माणसाची बाटली मला इथंच पटली. त्याची वेलच कमी माल देते, त्याला कापायला लागत नाही. आणि वायनरी त्याची स्वतःची, गिऱ्हाईक रुसायचा प्रश्न नाही. आमच्याकडं पिकवणारा एक, दाबणारा दुसरा, विकणारा तिसरा.

अनगोळकर

@अथणीकर, नेमकं हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नीट मांडलंत. मामेभाऊ सांगत होता, तो माणूस तोडणीच्या आधी रोज सकाळी बागेत जाऊन मणी चावतो, बी थुंकून हातावर घेतो. बी हिरवी असेल तर थांबतो, तपकिरी झाली आणि दाताखाली कुरकुरीत फुटली की तोडणी. साखर मोजायचं यंत्र खिशातच असतं, बघतो ते शेवटी.

आणि २०२१ च्या जुलैमध्ये त्या आर नदीला महापूर आला, त्यात यांची तळघरं चिखलानं भरली. माणसं गेली, पूल गेले. उरलेल्या बाटल्या धुतल्याच नाहीत. चिखलासकट "पुराची वाइन" म्हणून खोऱ्यातल्या वायनऱ्यांनी मिळून विकल्या आणि त्यातनं निधी उभा केला.

मुक्काम_पोस्ट_येळ्ळूर

तोच जुलै! तिकडं पंधरा तारखेच्या आसपास, आणि आठवडाभरानं आपल्याकडं वेदगंगा यमगर्णीला महामार्गावर आली होती. पुणे-बेंगळूर रस्ता बंद. चिकोडीच्या काठावर लोक जनावरं घेऊन शाळांत बसले होते.

चिकोडी_रोड

बसलो होतो. चुलत्यांचा तो ऊसच पाण्याखाली होता.

निपाणी_नाका

महामार्गावर अडकलेल्या ट्रकवाल्यांना आम्ही निपाणीकरांनी भाकरी-पिठलं दिलं होतं. पुराची वाइन नव्हती आमच्याकडं, पुराचं पिठलं होतं.

टिळकवाडीची_सुनंदा

वाचून बरं वाटलं. धागा वाइनचा असून.

आता माझं मत, आधीचं बाजूला ठेवून. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रानं मोठ्या दुकानांत वाइन ठेवायला परवानगी दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला. अण्णा हजारे उपोषणाला निघाले. शेतकऱ्यांसाठी आहे म्हणाले सरकारवाले, दारूचा सुळसुळाट म्हणाले विरोधक. मला दोन्ही बाजूंत द्राक्षवाला कुठं दिसला नाही. द्राक्षवाल्याला वाइन पाहिजे की बेदाण्याला चांगला दर पाहिजे, हे कुणी विचारलं? माझ्या सासऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनी बेदाण्याच्या शेडसाठी कागद मागितला असता.

सौ_कडोलकर

@सुनंदा, सासऱ्यांचा मुद्दा बरोबर, पण बेदाण्यालाही अवकाळी मारतोच की. मार्चमध्ये शेडवर माल असताना पाऊस झाला की बेदाणा काळा पडतो, दर निम्म्यावर येतो. फेब्रुवारीतच माल निघून टाकीत गेला तर ती भीती तरी नाही. सगळी बाग नको, एक कोपरा.

खडेबाजार_७८

एक कोपरा हा शब्द मला आवडला. सगळी बाग पालटून कर्ज काढणारे बघितलेत. कोपऱ्यातनं कर्ज निघत नाही.

द्राक्षवैद्य

कोपराच. माझं ठरलेलं मत असं: दहा-वीस ओळींतल्या दोन ओळी. एक ओळ एआरआय-५१६, एक टेंप्रानिलो. वाय (Y) आकाराचा मांडव आहे तोच चालेल. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात छाटणी. घड मोजून ठेवायचे. काढणी सकाळी ऊन तापायच्या आत, क्रेट सावलीत. पहिल्या पिकाची वाइन करायची घाई नको, पुण्याजवळ मांजरी गावच्या द्राक्ष संशोधन केंद्रात रस तपासून घ्या, आम्ल आणि ब्रिक्स दोन्ही बघा. साधारण एक ते सव्वा किलो द्राक्षाची एक बाटली होते, त्यावरून तुमचा तुम्ही हिशोब करा. विकायची असेल तर उत्पादन शुल्काचा परवाना लागतो, तो भाग सोपा नाही, तेव्हा आधी एखाद्या चालू वायनरीशी बोला. रस तिला, नाव तुमच्या गावाचं, असं काही जमतं का बघा.

अनगोळकर

वैद्य, तुमच्या पहिल्या प्रतिसादावरून इथपर्यंत आलात!

द्राक्षवैद्य

अथणीकरांनी थंडीचं गणित मांडलं नसतं तर आलो नसतो.

कॅम्पातला

थॉम्पसनच्या खुंटावरच टेंप्रानिलोचं कलम भरलं तर चालतं का? म्हणजे वरचं डोकं कापायचं आणि नवी काडी भरायची. नवीन लागवडीची दोन वर्षं वाचतील.

अथणीकर

चालतं. आमच्याकडं जुन्या बागेत जात बदलायला तसंच करतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात, हवेत दमटपणा असताना पाचर कलम भरायचं. काडी मात्र खात्रीची पाहिजे, रोग नसलेली.

वडिलांशी आज बोललो. म्हणाले, "बांधाकडच्या दोन ओळी घे, तिथं तसंही पाखरं खातात." जाळी टाकावी लागणार, लवकर गोड होणारा माल म्हटल्यावर पाखरांना काय. टेंप्रानिलोची काडी नाशिककडनं मिळेल का कुणाला ठाऊक?

रेल्वे_गेट_नं_२

नाशिकला माझे एक ओळखीचे रोपवाटिकावाले आहेत. विचारून सांगतो.

मुक्काम_पोस्ट_येळ्ळूर

आणि कलम भरायला हात कुणाचा? आमच्या भागात तेलसंगकडची माणसं येतात, एका दिवसात चांगली वेलीमागून वेल भरतात. अथणीकर, तुमच्याकडचा माणूस असेल तर नंबर इथं टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मलाही परसातल्या मांडवाला एक भरून घ्यायचंय.